पिंपाची जन्मखूण

मेहुण्याच्या नातवाचं जावळ होतं, मे महिना होता आणि दोनशे माणसांसाठी लिंबाचं सरबत करायचं होतं. मांडवाच्या कडेला एक निळं पिंप उभं करून त्यात पाणी सोडलं होतं. शेजारी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, उसवलेलं साखरेचं पोतं, आणि लिंबं चिरत बसलेला आचाऱ्याच्या हाताखालचा पोरगा. मी सरळ जाऊन त्या पिंपासमोर उकिडवा बसलो, चष्मा कपाळावर चढवला आणि पिंपाच्या पोटावरून बोट फिरवायला लागलो.

"अहो, उठा," बायको मागून दबक्या आवाजात म्हणाली. "व्याही मंडळी बघतायत."

"थांब. साल वाचतोय."

"कसलं साल?"

"पिंपाचं."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तिला वर्षानुवर्षांच्या सरावानं साधली आहे. मी एका रासायनिक कारखान्यात ३१ वर्षं डिस्पॅचला काढली. माल बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, पैसे मोजणारे तर फारच वेगळे. मी फक्त त्या मालाच्या पिंपांवर, पोत्यांवर आणि खोक्यांवर काय लिहिलंय, किती मिलिमीटरचं लिहिलंय आणि कुठल्या कोनात चिकटवलंय एवढंच बघायचो. निवृत्तीनंतर माणसं कीर्तनाला जातात, बागेत हसण्याच्या क्लबात जातात. मी दुसऱ्यांच्या घरची पिंपं वाचतो.

पिंपाच्या खांद्याखाली उठावाची अक्षरं होती. आधी एक वर्तुळ, त्यात वर यू आणि खाली एन. त्यापुढे १एच१, तिरकी रेघ, वाय१.९, तिरकी रेघ, १५०, तिरकी रेघ, १४, तिरकी रेघ, आयएनडी, आणि मग कारखानदाराची खूण. बाजूला रुपयाएवढं आणखी एक वर्तुळ, कडेनं एक ते बारा आकडे आणि मधोमध बाण.

"ते घड्याळ हाय दाजी," मेहुणा म्हणाला. "शोभेचं. चालत नाही."

घड्याळ नव्हे, महिना. बाण नवावर होता, म्हणजे पिंप सप्टेंबरातलं, आणि ओळीतल्या १४ प्रमाणे सन २०१४ चं. मेहुण्याला नातवाची जन्मवेळ मिनिटापर्यंत पाठ होती, पण घरात उभ्या असलेल्या या थोरल्याची साधी तिथी माहीत नव्हती.

ही ओळ म्हणजे पिंपाची जन्मपत्रिकाच असते. पहिला १ म्हणजे पिंप. ३ असता तर जेरीकॅन, ४ असता तर खोकं, ५ असता तर पोतं. २ हा आकडा पूर्वी लाकडी बॅरलचा होता. बॅरलं गेली, आकडा रिकामा ठेवलाय. एच म्हणजे प्लॅस्टिक. पोलादाला ए, ॲल्युमिनियमला बी, लाकडाला सी, पुठ्ठ्याला जी. शेवटचा १ म्हणजे वरचं झाकण कायमचं बंद, बूच काढून ओतायचं तेवढं ओता. मेहुण्याच्या पिंपाचं डोकं कुणीतरी करवतीनं सबंध उडवलं होतं. पत्रिकेतलं पहिलंच घर बिघडलेलं.

पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे ४जी. देशभर मोबाईलच्या फोर-जीचा गाजावाजा सुरू झाला त्या वर्षी आमच्या गेटवरच्या वॉचमननं माल बाहेर जाताना खोक्यावर ही अक्षरं वाचली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, आपली कंपनी पण ह्यात उतरली का?" मी सांगितलं की हे फोर-जी मोबाईलच्या आधीपासूनचं आहे आणि याला रेंज नसते. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं खोक्याला टेकून गावी फोन लावून बघितला. लागला, ही गोष्ट वेगळी.

वाय हे अक्षर मालाच्या तापटपणाचं. माल फार धोक्याचा, मध्यम धोक्याचा आणि कमी धोक्याचा असे तीन गट असतात. एक्सच्या पिंपात तिन्ही गटांचा माल चालतो, वायच्या पिंपात खालचे दोन, झेडच्या पिंपात फक्त सौम्य मंडळी. आमच्या ऑफिसात साहेबलोकांची वाटणीसुद्धा आम्ही याच अक्षरांनी करायचो, पण ते राहू दे.

१.९ म्हणजे आतला द्रव पाण्याच्या किती पट जड असलेला चालेल तो आकडा. पाण्याची घनता एक धरली तर तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची १.८४ भरते. म्हणजे तेही या पिंपाच्या आवाक्यात होतं. मेहुण्यानं सरबतात कितीही साखर ओतली असती तरी ते १.९ ला पोचलं नसतं, तेवढ्यापुरतं पिंप सुरक्षित होतं. १५० हा पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा आकडा, किलोपास्कलमध्ये. आणि आयएनडी म्हणजे आपला देश. गोत्र म्हणा.

ही पत्रिका कुठल्याही पिंपाला फुकट मिळत नाही. त्याला त्याआधी जे बालपण काढावं लागतं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. प्लॅस्टिकच्या पिंपात न गोठणारं द्रावण भरून त्याला उणे १८ अंशांपर्यंत गारठवतात आणि कडक फरशीवर टाकतात. धोका मोठा असेल तर उंची १.८ मीटर, मध्यम असेल तर १.२, कमी असेल तर ०.८. जड द्रवाचं पिंप असेल तर उंची आणखी वाढते. मेहुण्याच्या पिंपाचे भाऊबंद जवळजवळ दोन मीटरवरून पडले असणार. मग द्रवाच्या पिंपांवर तीन मीटर थप्पीएवढं ओझं ठेवून ४० अंश उष्णतेत २८ दिवस उभं करतात. खोक्याची तऱ्हा वेगळी. ते पाच वेळा पडतं: एकदा बुडावर, एकदा डोक्यावर, एकदा लांब कुशीवर, एकदा आखूड कुशीवर आणि शेवटी कोपऱ्यावर. आपल्याकडे हे काम अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत चालतं. १९६६ साली ती निघाली आणि आज निर्यातीच्या मालाची खोकी-पिंपं तिथून पास होऊन येतात.

मी एकदा आमच्या खोक्यांची परीक्षा झाल्यावर भरणी-उतरणी करणाऱ्या टोळीच्या मुकादमाला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आपलं खोकं १.२ मीटरवरून पाच वेळा पडून सहीसलामत राहिलं."

मुकादमानं तंबाखू मळता मळता ट्रकच्या फाळक्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "एवढ्यासाठी अंधेरीला कशाला न्हेलं साहेब? हितं रोज पडतात."

माणूस खरं बोलत होता. त्याच टोळीतल्या एकानं द्रवाच्या बाटल्यांची खोकी ओळीनं उलटी रचली होती. आत द्रव असेल तर खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर वर तोंड केलेले दोन-दोन बाण छापावे लागतात. मी बाण दाखवून ओरडलो. त्यानं शांतपणे उत्तर दिलं, "बाण खाली दावत होता म्हणून खाली ठेवलं." खोकं उलटं केल्यावर बाण खालीच दाखवणार. त्याच्या तर्कात मला आजतागायत चूक सापडलेली नाही.

प्लॅस्टिकच्या पिंपाचं धोकादायक मालासाठीचं आयुष्य, कुणी खास सूट दिली नसेल तर, तयार झाल्यापासून ५ वर्षं. मेहुण्याचं पिंप २०१९ सालीच सेवानिवृत्त झालं होतं. मला निवृत्तीनंतर निदान घरी बसू दिलंय.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "समदं खरं. पर ह्या गावात कुठला आलाय धोक्याचा माल? आमचं शेण-मातीचं घर."

मी उठून उभा राहिलो, आणि तिथंच माझं चुकलं. कारण हा प्रश्न मला कुणी विचारला की मी थांबत नाही, असं बायकोचं मत आहे. ते बरोबर आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाची एक तज्ज्ञ समिती आहे. जगात जे जे पेटतं, फुटतं, जाळतं, विषारी आहे, त्या प्रत्येकाला ही मंडळी चार आकडी क्रमांक देतात. त्यांचं पुस्तक पहिल्यांदा १९५६ साली निघालं. त्याचं कव्हर नारिंगी, म्हणून जगभर नाव पडलं ऑरेंज बुक. दर दोन वर्षांनी सुधारलेली आवृत्ती येते. क्रमांक ०००४ पासून सुरू होतात आणि साडेतीन हजारांच्या पुढे जातात. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, क्लोरीन १०१७, सल्फ्युरिक ॲसिड १८३०. हे कुणालाही पटतं. पण या तज्ज्ञांची नजर फार बारीक आहे. ते कधीतरी मेहुण्याच्या गोठ्यात येऊन गेले असावेत असा मला दाट संशय आहे.

कारण यादीत क्रमांक १३२७ ला चक्क भुसा आहे. इंग्रजी यादीतसुद्धा हाच शब्द, भुसा. पेटणारा घन पदार्थ, वर्ग ४.१. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापखान्याची चूक वाटली. जिनिव्हात सुटाबुटातली माणसं बसून गंभीर चेहऱ्यानं 'भुसा' म्हणतायत हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. पुढे पानं उलटली तर १३६३ ला खोबरं. कोरडं खोबरं, वर्ग ४.२, म्हणजे आपल्या आपण तापून पेट घेणारा माल. १३८६ ला पेंड, तीही ४.२. जहाजाच्या पोटात हजारो टन पेंड कोंडली आणि तिच्यात तेल-ओल राहिली तर ती आतल्या आत तापत जाते, आणि समुद्राच्या मध्यावर शेण टाकून विझवता येत नाही. ओला कापूस १३६५. लोणारी कोळसा १३६१. एरंडीच्या बिया २९६९, वर्ग ९.

देवघरात गेलात तर कृत्रिम कापूर २७१७. काडेपेटी १९४४. कपाटात डांबरगोळ्या १३३४. व्याह्यांच्या मनगटावरचं अत्तर १२६६. स्वयंपाकघरात गॅस. इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी २७९४. दारात उभी असलेली मोटारसायकल ३१६६.

"म्हणजे मी एवढ्या स्फोटकांत रोज सैपाक करते?" मेहुण्याच्या बायकोनं विचारलं.

"स्फोटक हा वर्ग १. तुमच्याकडे २, ३, ४, ८ आणि ९ आहेत," मी समजूत घातली. पण तिला फारसा दिलासा मिळाल्यासारखं दिसलं नाही.

वर्ग एकूण नऊ. स्फोटकं, वायू, पेटणारे द्रव, पेटणारे घन, दुसऱ्याला पेटायला मदत करणारे, विषारी आणि रोगकारक, किरणोत्सारी, कातडी-धातू खाणारे, आणि नववा वर्ग 'इतर'. नवव्या वर्गाच्या नऊखाली रेघ असते, कुणी उलट्या बाजूनं बघून सहा समजू नये म्हणून. यात शेजारी कोण बसणार हाही मोठा विषय. तिसऱ्या वर्गाच्या बाजूला ५.१ वाला ठेवायचा नाही, आम्लाच्या बाजूला अमुक नाही, त्याच्या वाऱ्याला तमुक नाही. त्याचा तक्ता पहिल्यांदा समजावून घेताना मला अजिबात त्रास झाला नव्हता, कारण आमच्या घरच्या लग्नात पंगती मीच बसवतो.

हा तक्ता मात्र थट्टेनं बनलेला नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस धुमसला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अग्निशमन दलाचा स्मृतिदिन देशभर त्या तारखेला पाळतात. नियमांच्या पुस्तकातल्या रुक्ष वाक्यांकडे नीट पाहिलं की बऱ्याच वाक्यांच्या मागं असा कुठला तरी धूर दिसतो.

तर, पिंपावरची उठावाची खूण म्हणजे पिंपाचं कूळ. आत काय आहे ते ती सांगत नाही. ते सांगायला लेबल लागतं: कोनावर उभा असलेला चौकोन, १०० मिलिमीटर बाय १०० मिलिमीटर, आत वर्गाचं चित्र आणि खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा. शेजारी मालाचं नाव आणि यूएन क्रमांक, मोठ्या पिंपावर किमान १२ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत. चौकोन कोनावर उभा असणं फार महत्त्वाचं. आमच्याकडे एक नवा पोरगा आला होता, अतिशय टापटिपीचा. त्यानं ८० पिंपांवर ८० लेबलं भिंतीवरच्या तसबिरीसारखी सरळ लावली, पट्टी धरून. मी रजेवर होतो. कंटेनर बंदरात पोचला आणि तिथून फोन आला की तुमचा माल ४५ अंशांनी चुकलाय. आम्ही दोघं रात्री गोदामात टॉर्चच्या उजेडात ८० लेबलं फिरवून लावत होतो. पोरगा सारखा म्हणत होता, "पण सर, सरळ जास्त छान दिसत होती." दिसत होती, हे खरंच.

समुद्रावरून जाणाऱ्या मालाच्या खुणांना आणखी एक अट आहे आणि ती माझी सगळ्यात आवडती आहे. पिंप समुद्रात पडलं आणि तीन महिने पाण्यात राहिलं, तरी त्यावरचं लिखाण वाचता आलं पाहिजे. तीन महिने! आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचं लिखाण तीन दिवस टिकत नाही, तेही घरात. कुरियरवरचा पत्ता पहिल्या पावसात वाहून जातो. विचार करकरून मला आपल्याकडे या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास होईल अशी एकच गोष्ट सापडली: भांड्यावर घातलेलं नाव. आत्यानं लग्नात दिलेल्या पातेल्यावर टिकटिक करून कोरलेलं 'सप्रेम भेट' तीन महिने काय, तीन पिढ्या घासून जात नाही. भांडं गळतं, नाव गळत नाही. आणि त्यावर असतं काय? देणाऱ्याचं नाव, गाव, साल. म्हणजे तंतोतंत पिंपावरचीच ओळ. आत आमटी आहे की रॉकेल, याबद्दल आत्या काही बोलत नाही.

रस्त्यावरच्या मालाचा कारभार वेगळा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे टँकरच्या दोन्ही कुशींवर आणि पाठीवर एक फलक लागतो. मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, वर्गाचं चित्र २५० मिलिमीटरचं, आणि संकटात कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे, आणि त्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं असलं पाहिजे. नियम सगळा उत्तम. पण फलक शेवटी रंगवतो पेंटर, आणि ट्रकच्या पेंटरला मोकळी जागा सहन होत नाही. आमच्याकडे एक टँकर आला होता, विषारी मालाचा. त्यावरची कवटी एवढी प्रसन्न होती की बघून बरं वाटावं. गालाला खळी, बत्तीस दात, आणि चौकोनाच्या दोन्ही बाजूंना दोन कमळं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "ही हसतेय." तो म्हणाला, "साहेब, रोज हिच्या पुढं झोपायचं असतं."

त्याच टँकरच्या चौकोनावर, बरोबर कवटीच्या कपाळावर, लिंबू-मिरची टांगलेली होती. त्यामुळे वर्गाचा आकडा झाकला गेला होता. मी काढायला लावली. त्यानं काढली, पण माल भरून गेट ओलांडेपर्यंतच. एकाच जागी दोन धोक्यांचे इशारे होते, एक जिनिव्हाचा आणि एक त्याच्या आईचा, आणि आईच्या इशाऱ्याचा त्याला अनुभव जास्त होता.

पेट्रोलच्या टँकरवर १२०३ च्या जोडीनं ३वायई असं लिहिलेलं असतं. हे अग्निशमन दलासाठी. ३ म्हणजे पाणी नको, फेस मारा. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवण्याचा विचार करा. आपल्याकडे टँकर कलंडला की माणसं हलतात खरी, पण टँकरच्या दिशेनं, कॅन घेऊन. वाचता येणारी माणसंसुद्धा.

एवढं सगळं मी मांडवात उभं राहून सांगत होतो, तेव्हा पोरानं लिंबं पिळायला घेतली होती. माझा हात अजून पिंपावरच होता. खूण वाचून झाली होती, पण लेबल नव्हतं. जिथं असायला हवं तिथं पत्र्यानं खरवडल्याचे ओरखडे होते. मी पुन्हा उकिडवा बसलो. बायकोनं यावेळी तोंड फिरवून व्याह्यांशी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

ओरखड्यांच्या खालच्या टोकाला चिवट गोंदात अडकलेला एक तुकडा राहिला होता, नखाएवढा. काळा. त्यावर पांढऱ्या आकड्याची खालची गोलाई. तिसऱ्या वर्गाचा कोपरा लाल असतो, सहाव्याचा आणि नवव्याचा पांढरा, ५.२ चा पिवळा. खालचा कोपरा काळा असलेला वर्ग नऊ वर्गांत एकच आहे. आठवा. त्याच्या चित्रात दोन परीक्षानळ्या तिरप्या धरलेल्या असतात. एकीतला थेंब धातूच्या पट्टीवर पडून तिला खातो, दुसरीतला हातावर पडून हाताला.

"हे कुठून आणलंस?" मी मेहुण्याला विचारलं.

"भंगारवाल्याकडनं. साडेसातशेला. दोन वर्षं झाली."

"धुतलेलं होतं?"

"मग! धुऊनच दिलं म्हणाला."

"कशावरून?"

"लेबल काढलेलं होतं की!"

मी खाली मातीतच बसलो. नियम असा आहे की रिकाम्या पिंपात मालाचा अंश आहे तोवर त्यावर भरलेल्या पिंपाचंच लेबल राहू द्यायचं. पिंप स्वच्छ धुतलं की मगच लेबल काढायचं. भंगारवाल्यानं हाच नियम पाळला होता, फक्त दुसऱ्या टोकाकडून. धुवायला पाणी लागतं, वेळ लागतो, सांडपाणी कुठं सोडायचं हा प्रश्न असतो. खरवडायला पत्र्याचा तुकडा पुरतो. तीन महिने समुद्रात टिकणारं लेबल पाच मिनिटांत जातं, आणि त्याबरोबर पिंपाचा भूतकाळही. उठावाची खूण तेवढी राहते, कारण ती घासून जात नाही. कूळ कळतं, वागणूक कळत नाही. स्थळं बघताना हा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही, तरी पिंपाच्या बाबतीत कुणी चौकशी करत नाही.

आता न्यायानं सांगायचं तर, यूएनची खूण असलेल्या प्रत्येक पिंपात विषच भरलेलं असतं असं नाही. मजबूत पिंप म्हणून साधा मालही त्यात जातो. आणि मेहुण्याचं पिंप दोन वर्षांत पाण्यानं बऱ्यापैकी धुतलं गेलं असणार. त्यानं आत डोकं घालून दोनदा हुंगलं आणि "वास येत नाही" असा अहवाल दिला. मी म्हटलं, वास येत नाही अशी यादी ऑरेंज बुकात फार मोठी आहे. शिवाय आतलं प्लॅस्टिक काय शोषून बसलंय ते लिंबाच्या आंबटाला कळेल, नाकाला कळणार नाही.

"सरबत ओता," मी म्हटलं.

मांडवात एकदम शांतता झाली. पन्नास लिंबं पिळून झाली होती, साखर पडली होती. आचाऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्याचा वर्ग ठरवायला मला पुस्तक लागलं नाही. मेहुणा म्हणाला, "देवळातला तांब्याचा हंडा आणतो मग. मोठा आहे."

ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि कान त्यांना हवे तेव्हा उत्तम असतात.

"हंडा नको. कल्हई उडालीय त्याची. लिंबू कळकतं."

कुठला माल कुठल्या भांड्यात चालतो आणि कुठल्यात भांडं आणि माल एकमेकांना खातात, यावर आम्हाला कंपनीनं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. चहा-बिस्किटांसकट. जमलेल्या मंडळींत हा विषय कळणारे आम्ही दोघंच निघालो, मी आणि सासूबाई, आणि मी कल्हईचा विचार केला नव्हता.

शेवटी महिला बचत गटाची स्टीलची चार मोठी पातेली आली. प्रत्येकाच्या काठावर गटाचं नाव, गाव, साल आणि पातेल्याचा क्रमांक कोरलेला. मेहुण्यानं माझ्यासमोर एक उलटं धरलं. "बघा दाजी, बसतंय का नियमात?" अक्षरं सहा मिलिमीटरसुद्धा नव्हती, पण मी काही बोललो नाही. सरबत अकराऐवजी साडेबाराला झालं. व्याह्यांनी दोन-दोन पेले घेतले.

पिंप आता मेहुण्याच्या परड्यात आहे. त्यात वाळू भरलीय आणि गावात कुठंही मांडव पडला की त्यात बांबू रोवायला नेतात. निघायच्या आधी मी त्याच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'पिण्याचे पाणी भरू नये' असं दोन बाजूंनी लिहिलं. अक्षरं ५० मिलिमीटरची आहेत, पट्टी लावून काढलेली. मेहुण्याच्या सुनेनं नंतर दोन्हीकडे एकेक कमळ रंगवलं. त्याला नियमात कुठं मनाई नाही.